ऋतिका घाडीची दोन छायाचित्रे

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
विद्यार्थी-बोध अभियान, उपनगर कक्ष,
घाटकोपर (पूर्व), मुंबई.

अर्जदार : श्रीमती मृणालिनी श्रीखंडे, सहशिक्षिका (मराठी), श्री रवळनाथ माध्यमिक विद्यालय, विक्रोळी (पूर्व). राहणार मुलुंड (पूर्व).

विषय : ‘आजचा विद्यार्थी समजून घेताना’ या शिक्षक-प्रशिक्षणात दाखवण्यात येणारी कु. ऋतिका प्रीतम घाडी (इयत्ता नववी) हिची दोन छायाचित्रे व त्यांखालील एक ओळ यांबाबत.

संदर्भ : अर्जदाराची सुलभक म्हणून नेमणूक केल्याचे आपल्या कक्षाचे पत्र.

महोदय,

१. संदर्भीय पत्रान्वये अर्जदाराची सदर प्रशिक्षणासाठी सुलभक म्हणून नेमणूक झाली आहे. आजचा विद्यार्थी कसा जगतो, कसा शिकतो आणि त्याला शिकण्यासाठी काय लागते, हे अर्जदाराने घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यातील शिक्षकांना पीपीटी लावून समजावून द्यायचे आहे. पीपीटी कक्षाकडून तयार आली असून तिच्यात सुलभकाने कोणताही बदल करू नये, अशी सूचना आहे. तिच्यातील चौदाव्या स्लाइडवर एकाच मुलीची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावली आहेत. एकाखाली ‘आधी’ लिहिले आहे, दुसऱ्याखाली ‘नंतर’. मुलगी अर्जदाराच्या वर्गातली आहे. आधी आणि नंतर यांच्या मधल्या महिन्यांत काय घडले, ते स्लाइडवर मावलेले नाही. ते कक्षाच्या माहितीस्तव पुढे सादर केले आहे. मजकूर लांबला आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण यापूर्वीचा आटोपशीर अर्ज कोणी वाचला नव्हता.

२. ऋतिका कन्नमवार नगराच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका बैठ्या चाळीत राहते. वडील प्रीतम घाडी टेम्पो चालवतात. माल घेऊन नाशिक, वापी असे कुठेही जातात आणि घरी कधी येतील याचा भरवसा नसतो. आई मनाली एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात आहे. तिथे दिवसभर उभे राहावे लागते आणि फोन आत आणता येत नाही, तो लॉकरमध्ये राहतो. घरातले चौथे माणूस म्हणजे आजोबा, धोंडू लवू घाडी. मूळचे कणकवलीकडचे, उभा जन्म लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेला. गिरणी बंद पडून तिथे टॉवर उभे राहिले त्यालाही जमाना झाला. पण गेल्या दोन वर्षांत आजोबांच्या डोक्यात ती पुन्हा चालू झाली होती. अंगात सदरा चढवायचा, रिकामा डबा काखेत मारायचा आणि पाळीला निघायचे. दार उघडे दिसले की झाले. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, माणूस नजरेआड करू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. नजर ठेवायला कोण, ते त्यांनी सांगितले नाही. आई दहाला निघते, शाळा दुपारची.

३. त्यावर ऋतिकाने स्वतःच तोड काढली होती. आईचा जुना फोन आजोबांच्या खाटेमागच्या फळीवर चार्जिंगला लावून ठेवायचा, स्वतःचा दप्तरात, आणि दोन्हींमध्ये कॉल चालूच ठेवायचा. एक इअरफोन वेणीच्या आडून कानात. त्यांच्या दाराची कडी गंजलेली आहे, ओढली की किंचाळते. ती ऐकू आली की ऋतिका ‘बाई, जाऊन येऊ?’ म्हणून बाहेर जायची आणि शेजारच्या चंपाताईंना फोन लावायची. चंपाताई घरी पोळीभाजीचे डबे करतात. त्या पिठाच्या हातानेच धावायच्या आणि आजोबांना आत बसवायच्या. अशा रीतीने ही मुलगी एका कानाने शाळा शिकत होती.

अर्जदाराला हे जुलैमध्ये कळले, आणि तेही सरळपणे नव्हे. शुद्धलेखन घालताना इअरफोन दिसला. अर्जदाराने रागाच्या भरात तो ओढून काढला आणि ‘बघू तरी कुठलं गाणं लागलंय’ म्हणून स्वतःच्या कानाला लावला. गाणे नव्हते. पंख्याची घरघर येत होती. मग एक म्हातारा माणूस खोकला आणि कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, ‘गो बाय, भोंगो झालो काय?’ ऋतिका खाली मान घालून उभी होती. वर्ग हसायच्या तयारीत होता. अर्जदाराने इअरफोन तिच्या हातात ठेवला आणि शुद्धलेखनाचे पुढचे वाक्य सांगितले. शाळेत मोबाईलला बंदी आहे हे अर्जदारास माहीत होते. परवानगी तोंडी होती आणि ती अर्जदाराचीच होती, हे येथे स्पष्टपणे नमूद करीत आहे.

४. ऑगस्टमध्ये आपल्या कक्षाचे समन्वयक श्री. मिहिर पंडित निरीक्षणासाठी शाळेत आले. ते सभ्य गृहस्थ आहेत. आवाज चढवत नाहीत, मुलांना ‘बेटा’ म्हणतात. मागच्या बाकावर बसून ते टॅबवर नोंदी करीत होते. ऋतिका त्यांच्या पुढच्याच बाकावर, त्यामुळे वायर त्यांना लगेच दिसली. त्यांनी आधी मागूनच तिचा फोटो काढला. मग खांद्यावर हात ठेवून विचारले, ‘काय ऐकतेस, बेटा? आम्हालाही सांग ना.’ चौदा वर्षांची मुलगी भरल्या वर्गात काय सांगणार? आजोबा घरी कोंडल्यासारखे बसलेत आणि मी त्यांचे खोकणे ऐकते आहे, असे? अर्जदाराने पुढे होऊन ‘सर, तिच्या घरी जरा अडचण आहे, मी नंतर सांगते,’ असे म्हटले. श्री. पंडित समजूतदारपणे हसले. ‘मॅडम, अडचण प्रत्येकाच्या घरी असते. म्हणूनच तर हे सगळं चाललंय.’ फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात गेला. पालकांनी येऊन लेखी हमी द्यावी आणि फोन न्यावा, असे ठरले.

ऋतिका मधल्या सुट्टीत अर्जदाराकडे आली. ‘बाई, पाच मिनिटं तरी द्या ना फोन. चंपाताईला सांगते फक्त.’ चंपाताईंचा नंबर तिला पाठ नव्हता, तो फोनमध्येच होता. अर्जदार मुख्याध्यापक श्री. यज्ञेश ठोसर यांच्याकडे गेली. आत चहा चालला होता, सामोसे मागवले होते, शालीचा कागद सुटत होता. ‘पाहुणे जाईपर्यंत दम धरा हो, श्रीखंडेबाई,’ ते दारातच पुटपुटले. पाहुणे गेले तेव्हा शेवटचा तास चालू होता. अर्जदाराने फोन मिळवून ऋतिकाच्या हातात दिला. तिने कानाला लावला. पंखा चालू होता. खोकण्याचा आवाज नव्हता. ती दप्तर टाकून पळाली.

आजोबा दिवेलागणीनंतर सापडले. हायवेच्या कडेला, एका पुलाखाली, उभ्या ट्रकांच्या रांगेत बसले होते. पायात काही नव्हते, गुडघा फुटला होता. जाणाऱ्या प्रत्येकाला ते लालबागची गाडी विचारत होते. एका ट्रकवाल्याने त्यांना वडापाव दिला होता, तो त्यांनी खाल्ला नव्हता; पाळी सुटल्यावर खाईन म्हणाले. ऋतिकाने त्यांना रिक्षात घातले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

५. अर्जदार गणपतीआधी तिच्या घरी गेली. मनालीला त्या दिवशी सुट्टी होती. ती म्हणाली, ‘बाई, मी घरी बसले तर काम जाईल. हे बसले तर टेम्पो जाईल. मग उरलं कोण? हीच ना?’ आणि मग, ‘आमच्या सासऱ्यांनी हिला मांडीवर वाढवलीय हो. वृद्धाश्रमात कशी टाकू?’ ऋतिका मोरीपाशी भांडी लावत होती. अर्जदाराने तिला विचारले, ‘तुला काय वाटतं गं?’ ती म्हणाली, ‘मला काय वाटायचंय बाई? भूमितीचा धडा कुठपर्यंत आला?’

येथे शाळेची स्थिती नमूद करणे भाग आहे. एकेकाळी या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या होत्या. आता एक आहे, तीही जेमतेम भरते. बाकीच्या खोल्यांत मोडके बाक आणि जुने नकाशे आहेत. नववीच्या वर्गाला लागून अशीच एक खोली रिकामी होती. आजोबांना शाळेच्या वेळात तिथे बसवले तर ऋतिका भिंतीच्या अलीकडे शिकेल आणि आजोबा पलीकडे सुरक्षित राहतील, असे अर्जदाराच्या मनात आले. श्री. ठोसर यांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला. ‘लेखी मागू नका,’ ते म्हणाले, ‘आणि मी तोंडी नाही म्हणत नाही.’

६. गणपतीनंतर आजोबा शाळेत येऊ लागले. ऋतिकाचा हात धरून, इस्त्रीचा सदरा, काखेत डबा. आपण कामावर आलो आहोत, अशीच त्यांची समजूत होती, आणि ती कोणी मोडली नाही. प्रार्थनेला ते उठून उभे राहत. तासाची घंटा झाली की पाळी सुटली असे वाटून ते डबा उचलत. मग ऋतिका दारात जाऊन सांगे, ‘अजून सुटूक नाय, आजोबा. बसा.’ ते ‘बरां’ म्हणून बसत. मुले सुरुवातीला हसली, मग सवय झाली. मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी त्यांच्याजवळ जाऊन बसे. ते काही शिकवत नव्हते, गोष्टी सांगत नव्हते. नुसते बसत आणि वर्तमानपत्राच्या घड्या घालत.

त्या महिन्यांत अर्जदाराने ऋतिकाला पहिल्यांदा दोन्ही कानांनी शिकताना पाहिले. ही मुलगी प्रश्न विचारते, हे अर्जदारास तोवर ठाऊकच नव्हते. एकदा निबंधाचा विषय दिला होता, ‘माझी आवडती जागा’. बाकीच्यांनी गाव, समुद्र, मामाचे घर असे लिहिले. ऋतिकाने विचारले, ‘बाई, जागा आपली नसली तरी चालेल?’ आणि तिने मॉलमधली मागची, कामगारांची लिफ्ट लिहिली; आईला डबा द्यायला जाताना त्या लिफ्टमध्ये ती एकटी असते आणि तेवढ्या वेळात तिला कोणी हाक मारत नाही, असे. सहामाहीत गणिताला ती वर्गात दुसरी आली. पॉलिटेक्निकला जायचे आहे, असे तिने अर्जदाराला दिवाळीच्या सुट्टीआधी सांगितले. त्या आधी ती ‘बघू’ एवढेच म्हणायची.

आजच्या विद्यार्थ्याला शिकण्यासाठी काय लागते, हा आपल्या अभियानाचा प्रश्न आहे. या विद्यार्थिनीला एक रिकामी खोली लागली होती. ती शाळेत होती.

७. डिसेंबरमध्ये आपल्या कक्षातर्फे ‘सुरक्षित शाळा’ पाहणी झाली. शालेय आवारात अनोळखी प्रौढ पुरुष आढळल्याचा शेरा पडला आणि त्या पुरुषास तत्काळ हटवण्याची समज श्री. ठोसर यांना देण्यात आली. मुलींच्या सुरक्षेसाठी असे नियम लागतात, हे अर्जदारास मान्य आहे. या मुलीची सुरक्षा कशात आहे, एवढेच पाहण्याची विनंती अर्जदाराने आपल्या कक्षाकडे अर्जाद्वारे केली. उत्तर आले की विषय ज्येष्ठ नागरिकांशी संबंधित असल्याने या कक्षाच्या कार्यकक्षेत येत नाही. अर्जदार ज्येष्ठ नागरिकांचे काम पाहणाऱ्या कार्यालयात गेली. तेथील बाईंनी सर्व नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘पण हा तर विद्यार्थिनीचा प्रश्न आहे ना? तुम्ही शिक्षण बघणाऱ्यांकडे जा.’ आजोबा ज्येष्ठांत बसत नव्हते आणि विद्यार्थ्यांतही बसत नव्हते. खोलीला कुलूप लागले. आजोबांना घरी नेताना ते ऋतिकाला विचारत होते, ‘माका कामावरसून काढल्यांनी काय गो?’ अर्जदार तेव्हा जिन्यात उभी होती. ऋतिका म्हणाली, ‘नाय आजोबा. सुट्टी दिली हा.’

८. ऋतिका पुन्हा घरी बसली आणि अभियानाच्या नोंदीत तिचे नाव ‘गळतीच्या उंबरठ्यावर’ या रकान्यात गेले. कक्षाने पालकांशी संवाद साधण्यास स्वयंसेवक पाठवले. दोन तरुण मुले होती, प्रेमाने बोलली, असे मनाली सांगते. हजेरी भरली नाही तर दहावीचा फॉर्म भरता येणार नाही, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, काहीतरी करा, असे ती मुले सांगून गेली. त्या रात्री नवराबायको जेवली नाहीत. मग त्यांनी काहीतरी केले. जानेवारीपासून आजोबांना आत ठेवून दाराला बाहेरून कुलूप लावण्यास सुरुवात झाली. एक किल्ली मनालीकडे, एक ऋतिकाच्या गळ्यातल्या दोऱ्याला. फोन आता वर्गात चालत नव्हता. आणि दार उघडण्याची भीतीच नसल्याने तो लागतही नव्हता.

त्या महिन्यात ऋतिकाची हजेरी पूर्ण भरली. श्री. पंडित पुन्हा आले. या वेळी त्यांनी समोरून फोटो काढला. ऋतिका फळ्याकडे बघते आहे, दोन्ही कान मोकळे, वेण्या वर बांधलेल्या. हेच ते ‘नंतर’चे छायाचित्र. नीट पाहिले तर गळ्यातला दोरा त्यात दिसतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आजोबा मोरीत पडले. भिंतीपलीकडून चंपाताईंनी आवाज ऐकला. त्यांनी खिडकीतून हाका मारल्या, दार हलवले आणि शाळेच्या कार्यालयात फोन लावला. पण ‘अध्ययन-वेळेत वर्गात व्यत्यय आणू नये’ हीदेखील अभियानाचीच सूचना आहे आणि ती आमच्या कार्यालयात भिंतीवर लावलेली आहे. लिपिकाने निरोप लिहून घेतला आणि तास संपल्यावर वर्गात पाठवला. तो कर्तव्यात चुकला नाही. तासाला अर्जदारच होती, समास शिकवत होती, आणि ऋतिका उत्तर द्यायला उभी होती. घंटा झाल्यावर चिठ्ठी अर्जदाराच्या हातात आली. अर्जदार ‘ऋतिका, घरी जा,’ एवढेच म्हणू शकली. ती पोचली तेव्हा चाळीतल्या माणसांनी पहारीने कडी उखडली होती. किल्लीची गरज उरली नव्हती. आजोबांना इस्पितळात नेले. डॉक्टरांनी ते आधीच गेल्याचे सांगितले. थोडे लवकर आणले असते तर काय झाले असते, हे त्यांनी सांगितले नाही, आणि घरच्या कोणी विचारले नाही.

९. अर्जदाराने ही बातमी श्री. पंडित यांना फोनवर कळवली. ते म्हणाले, ‘खूपच वाईट झालं, मॅडम. पण एका अर्थी मुलीचा मार्ग मोकळा झाला, नाही का?’ ते दुष्टपणाने बोलले नाहीत. महोदय, हीच अडचण आहे. या सगळ्यात अर्जदारास कोणीही दुष्ट माणूस आढळला नाही. तो आढळता तर अर्ज त्याच्याविरुद्ध केला असता.

त्यानंतर काही दिवसांनी नेमणुकीचे पत्र आणि पीपीटी आली. चौदाव्या स्लाइडवर दोन्ही छायाचित्रांच्या खाली पुढील मजकूर आहे : ‘मोबाईलच्या आहारी गेलेल्या विद्यार्थिनीस समजून घेतल्याने तिची हजेरी पूर्ण झाली. पालकांशी संवाद साधल्यानंतर घरातील आजोबांची योग्य सोय करण्यात आली.’

अर्जदार बावीस वर्षे मराठी शिकवते आहे. ‘सोय’ हा शब्द तिने अनेक वाक्यांत उपयोग करून दाखवला आहे.

१०. नेमणूक नाकारायची, छायाचित्रे काढून टाकायला लावायची आणि न काढल्यास वर्तमानपत्रांकडे जायचे, असे अर्जदाराने ठरवले होते. तसा अर्ज लिहून तयार होता. मुलीचा प्रश्न असल्याने आधी घरी कल्पना द्यावी, म्हणून अर्जदार गेल्या रविवारी घाडींकडे गेली. भिंतीवर आजोबांचा फोटो लागला होता. तरुणपणचा, भांग काढलेला. मनालीने चहा टाकला आणि अर्जदार काही बोलायच्या आत आनंदाने सांगितले की अभियानाच्या समारोपात ऋतिकाला मोबाईलमुक्त विद्यार्थिनी म्हणून प्रमाणपत्र मिळणार आहे, मुलुंडच्या नाट्यगृहात, शिक्षण खात्यातले मोठे साहेब येणार आहेत. ‘ह्यांनी टेम्पोच्या शेठकडे सुट्टी टाकलीय. बाई, जायचं ना आम्ही? काय घालून यायचं असतं तिथे?’

अर्जदाराने तेव्हा त्या छायाचित्रांचे सांगितले. मनाली ऐकत राहिली. ‘मोबाईलच्या आहारी म्हणजे, बाई?’ तिने विचारले. मनाली ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि गॅस बंद करायचा विसरली. चहा उतू गेला.

ऋतिका आजोबांच्या खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती. ती म्हणाली, ‘बाई, तो पहिला फोटो मला माहितीये. ग्रुपवर कधीच फिरलाय. पोरं मला इअरफोन म्हणतात.’

‘तू मला बोलली नाहीस कधी.’

‘बोलून काय करणार होतात तुम्ही?’ तिने हे उद्धटपणे विचारले नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. अर्जदाराने पर्समधला तयार अर्ज तिला दाखवला. तिने तो पूर्ण वाचला, परत घडी घातली आणि म्हणाली, ‘नका ना देऊ, बाई. प्लीज. तुम्ही हे दिलंत तर ते माझं नाव काढतील. दहावीनंतर एका ट्रस्टची स्कॉलरशिप मिळते, चाळीतल्या एका दीदीला मिळालीय. तिथे मुलाखतीत विचारतात, काय काय मिळालंय तुला? बाकीच्यांकडे स्केटिंग असतं, डान्स असतो. माझ्याकडे काय आहे? हे एक तरी होईल.’

‘अगं, पण ते खोटं आहे.’

‘मग? फुकट आहे का ते?’ ती म्हणाली. ‘आजोबा गेलेत त्यात.’

आई मागे वळली नाही. अर्जदाराने तो अर्ज तिथेच फाडला आणि तुकडे पर्समध्ये ठेवले. निघताना ऋतिका गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. वाटेत तिने भूमितीची परीक्षा कधी आहे ते विचारले.

११. सबब, अर्जदार नेमणूक स्वीकारीत आहे. ठरल्या दिवशी घाटकोपरच्या सभागृहात ती हजर राहील आणि शिक्षकांना आजचा विद्यार्थी समजावून देईल. चौदावी स्लाइड दाखवील. दोन्ही छायाचित्रे दाखवील. पहिले वाक्यदेखील, कक्षाने लिहिले आहे तसेच, वाचील. मुलीने अर्जदाराकडून तेवढे मागून घेतले आहे आणि आजवर तिने अर्जदाराकडे मागितलेल्यापैकी अर्जदाराच्या हातात असलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

दुसरे वाक्य, म्हणजे आजोबांची योग्य सोय करण्यात आली हे, अर्जदाराच्याने वाचवणार नाही. तेवढी एक ओळ स्लाइडवरून वगळावी, ही नम्र विनंती. कारण देणे आवश्यक असल्यास जागेअभावी असे नोंदवावे. वगळणे नियमात बसत नसेल, तर ती ओळ पडद्यावर असताना सुलभकास काही क्षण गप्प राहण्याची परवानगी असावी. समोर बसलेल्या शिक्षकांना त्यातून काही कळलेच, तर ते प्रशिक्षणाबाहेरचे समजावे.

याशिवाय एक किरकोळ बाब. समारोपाच्या प्रमाणपत्रांचा नमुना तपासणीसाठी शाळेकडे आला आहे. त्यात मुलीचे नाव ‘कु. ऋतिका घाडगे’ असे छापले आहे. आठ महिने जिला समजून घेतले, तिचे आडनाव घाडी आहे. मुलाखतीत नाव जुळले नाही तर प्रमाणपत्र निरुपयोगी ठरेल, अशी तिला काळजी लागली आहे. छपाईपूर्वी कृपया तेवढी दुरुस्ती व्हावी. खात्रीसाठी तिच्या आधार कार्डाची प्रत जोडली आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे. प्रशिक्षणापूर्वी आले तर उपकार होतील.

आपल्या कक्षाची सुलभक,
(सही)
मृणालिनी श्रीखंडे
विक्रोळी (पूर्व), दि. ९ मार्च २०२६

सोबत :
कु. ऋतिका प्रीतम घाडी हिच्या आधार कार्डाची प्रत.
सुलभक नेमणुकीचे स्वीकृतिपत्र, सही करून.